पंचगंगेच्या काठानं सपाट रस्ता: चालत, सायकलनं, कयाकनं. कुठून कुठवर जाता येतं?

राजारामपुरी_सकाळ
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राहतो, रंकाळा तलावाला रोज फेरी असते, आता जरा पंचगंगेचा काठ बघायचाय. वडिलांना गुडघ्यामुळं चढ नको, चालणं मात्र पाहिजेच, मुलगी सहावीत आहे तिला सायकल चालवायचीय आणि मेव्हण्यानं हवा भरायची कयाक (वल्हवायची छोटी होडी) घेतलीय, तो म्हणतोय पंचगंगा घाटावरनं थेट पाण्यात उतरू. सुट्टी म्हटलं की सगळे पन्हाळा नाहीतर जोतिबाच सुचवतात, पण तो चढ आम्हाला जमणार नाही. मॅपवर काठाकाठानं रस्ता दिसतो आणि मधेच उसात गायब होतो. कुणी प्रत्यक्ष गेलंय का? कुठल्या महिन्यात जावं?

प्रयागकाठ
दादा, काठानं सलग असा रस्ता न्हाईच, ते आधी डोक्यातनं काढा. मॅपवर दिसतंय ती पाणंद हाय, म्हंजे शेतात जायची कच्ची वाट, पाण्याच्या मोटरीपाशी जाऊन संपती. पण तुकड्यातुकड्यानं लई भारी जागा हायत. वडिलांना घेऊन प्रयाग चिखलीला या. शिवाजी पुलावरनं पन्हाळा रोड धरायचा, आंबेवाडीतनं आत, सगळं सपाट. भोगावती आणि कासारी हितं भेटत्यात, कुंभी आणि तुळशी वरच भोगावतीत मिसळल्याली, आणि पाचवी सरस्वती गुप्त मानत्यात, म्हणून पंचगंगा. संगमाच्या देवळापाशी सावलीला बसायचं आणि मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या) रानाकडनं गावाच्या बाजूला निवांत चालत यायचं. संक्रांतीच्या पुढं स्नानाला गर्दी असती, तेवढं बघून या.
महिना म्हणाल तर दिवाळी झाल्यावर. पावसाळ्यात नावच काढू नका, २०१९ आणि २०२१ ला आंबेवाडी-चिखली अख्खी रिकामी करावी लागली हुती. आणि पाणी उतरलं तरी पाणंदीत गाळ राहतो, काळी माती, सायकलच्या चाकाला अशी चिकटती की मडगार्डमधनं काडीनं उकरून काढावी लागती.

कसबा_बावडा_पेडल
मुलीच्या सायकलसाठी मी सांगते. घाट – शिवाजी पूल – वडणगे – निगवे – राजाराम बंधारा – कसबा बावडा आणि शहरात परत. हा गोल आहे म्हणून आवडतो, आल्या रस्त्यानं माघारी यावं लागत नाही, आणि चढ म्हणावा असा कुठं नाही, अगदी शेवटी शहरात शिरताना थोडा लागतो तेवढाच. माझ्या मते आपल्याकडं नदी बघायची तर बंधारे धरूनच फिरावं, कारण काठ बहुतेक उसाखाली आहे आणि पाण्याच्या अगदी जवळ, दोन्ही तीर दिसतील असं उभं राहायला मिळतं ते बंधाऱ्यावरच.
राजाराम बंधाऱ्यावर मुलीला पाच मिनिटं थांबवा आणि खाली बघायला सांगा. दगडी खांबांना खाचा असतात, त्यात बरगे म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या बसवतात, जुन्या पद्धतीत फळ्यांच्या दोन रांगा आणि मधे माती ठासून भरायची. पावसाळ्याच्या तोंडाला बरगे काढतात म्हणजे पुराला वाट मिळते, पाऊस ओसरला की परत घालतात. महाराष्ट्रभर ज्याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात तो हाच. फटीतनं पाण्याच्या पातळ चिळकांड्या उडत असतात आणि खालच्या खडकावर बगळे टपून बसलेले. पावसाळ्यात बातम्यांत ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका ऐकतो ना, ती पातळी इथलीच. एकदा ही जागा पाहिली की ते आकडे किती मोठे आहेत ते तिला बरोबर कळेल.
बंधाऱ्यावर सायकल हातात धरूनच न्या, अरुंद आहे आणि समोरनं दुधाचे कॅन लावलेल्या मोटरसायकली येतात. ऊसतोड चालू असली तर सकाळी लवकर निघा, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळणावर सगळा रस्ता घेतो, लहान मुलीला त्याच्या मागनं अजिबात चालवू देऊ नका, तो पुढं जाईस्तोवर थांबायचं.

घाटावरचा_पोहणारा
कयाकबद्दल. बरगे घातल्यावर बंधाऱ्याच्या वर घाटाकडं पाणी तुंबून राहतं, धार जवळजवळ नसते, त्यामुळं वल्हवायला एकदम सोपं. पण मेव्हण्यांना सांगा, घाटावरनं वरच्या अंगाला जायचं, चिखलीकडं. खालच्या अंगाला नको, एक तर पुढं जयंती नाला मिळतो, ते पाणी अंगाला लागू नये असंच आहे, आणि दुसरं म्हणजे बंधारा. वरनं पाणी संथ दिसतं पण बरग्यांच्या फटीतनं खाली जोरात ओढ असते, कयाक आडवी होऊन चिकटली तर माणसाला सुटता येत नाही. लांबूनच वळायचं, जवळ जाऊन बघू असलं काही नको. लाईफ जॅकेट घातल्याशिवाय कुणी बसू नका, पोहायला येत असलं तरी. काठाला मोटरींचे पाईप आणि दोर पाण्यात असतात, म्हणून मधल्या पाण्यात राहा. सकाळी घाटावर पोहणारे असतात, त्यांना विचारूनच उतरा, पाणी कुठं कसं आहे ते त्यांना रोजचं माहीत असतं.
वर गेलात की एका वळणानंतर गाड्यांचा आवाज बंद होतो. पाईपावर खंड्या बसलेला असतो, बोट अगदी जवळ जाईपर्यंत हलत नाही. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले. शहराच्या एवढ्या जवळ हे आहे आणि आपण नदीकडं फक्त पुराच्या वेळी पुलावर जाऊन बघतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

राजारामपुरी_सकाळ
सगळ्यांचे मनापासून आभार. वडील तर प्रयागचं नाव ऐकूनच खूश झाले. अजून एक, असंच खाली नृसिंहवाडीपर्यंत कयाकनं टप्प्याटप्प्यानं जाता येईल का? मेव्हणा फार मागं लागलाय.

प्रयागकाठ
कयाकनं नको दादा. मधे बंधारे लागत्यात, दरवेळी बोट उचलून पलीकडं न्यावी लागंल, आणि उन्हाळ्याकडं इचलकरंजीच्या बाजूला केंदाळ (जलपर्णी) अशी माजती की पाणीच दिसत न्हाई, वल्हं अडकून बसतंय. शिवाय शिरोळकडं नदीत मगरी दिसत्यात. वाडीला सायकलनं जावा, रस्ता सपाटच हाय, पहाटे निघायचं, संगमावर कृष्णा-पंचगंगा बघायची, दत्ताचं दर्शन घ्यायचं आणि येताना सायकली टेम्पोत टाकायच्या. प्रयागला यायच्या आदल्या दिवशी हितं लिहा, पाणंदीत चिखल हाय का वाळलीय ते बघून सांगतो.