फॅनो रेझोनन्सवर एमएस्सी प्रोजेक्ट: सिम्युलेशनच करू की प्रिझमचा प्रयोग? सल्ला द्या

निपाणी_लोकल: नमस्कार मंडळी. निपाणीहून रोज बेळगावला ये-जा करून एमएस्सी फिजिक्स करूलालोय, शेवटचं सेमिस्टर. विषय प्लाझ्मोनिक सेन्सर, म्हणजे धातूच्या पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांच्या लाटेवरनं अपवर्तनांक ओळखणारा. चांदीच्या दोन थरांमध्ये ५० नॅनोमीटरची वाट, वाटेत चांदीचीच एक पातळ भिंत, बाजूला पोकळी, असं मीप या प्रकाशलाटांच्या सिम्युलेशन प्रोग्रॅममध्ये मांडलंय. ट्रान्समिशनचा आलेख एका अंगाला कडा तुटल्यासारखा उभा आणि दुसऱ्या अंगाला निवांत उतरता येतोय. कोड चुकलाय का? आणि हे प्रत्यक्षात बनवून कुठं मिळेल? बजेट म्हणाल तर बसपास काढून उरेल तेवढं.

खानापूरवाला: कोड बरोबर असणार गा, तोच फॅनो. उगो फॅनो यांनी १९६१ मध्ये अणूंच्या वर्णपटातल्या असल्याच तिरक्या रेषांचं गणित मांडलं. भिंतीमुळं रुंद, जवळजवळ सपाट प्रतिसाद मिळतो, पोकळीमुळं अरुंद. अरुंद अनुनाद ओलांडताना फेज उलटते, म्हणून एका बाजूला लाटा जुळतात आणि दुसऱ्या बाजूला एकमेकींना खातात. खात्री करायची तर भिंत काढून एकदा चालव. आलेखातला खळगा दोन्हीकडं सारखा दिसला की समज, तिरकेपणा भिंतीमुळंच.

एक मात्र सांगतो. मी सिम्युलेशनच्या जाळीचं घर ५ नॅनोमीटर घेतलं होतं. २ वर आणलं तर खळगा आपला आपणच सरकला! आठवडाभर लिहिलेले आकडे फेकावे लागले. आणि चांदीचे प्रकाशीय स्थिरांक जॉन्सन-क्रिस्टींच्या १९७२ च्या मोजमापातनं घे.

बनवायचं म्हणशील तर एवढ्या बारीक खाचेला इलेक्ट्रॉन बीम लिथोग्राफी (इलेक्ट्रॉनांच्या झोतानं नक्षी काढायची पद्धत) लागते. बेंगळुरूच्या आयआयएस्सीत सोय आहे, पण एका सेमिस्टरात नंबर लागेल असं धरू नकोस.

संकेश्वरचा_केमिस्ट: आम्ही साखर कारखान्यातली माणसं, प्लाझ्मोन वगैरे आम्हाला कळत नाही. पण उसाचा रस रोज रिफ्रॅक्टोमीटरवर बघतो. हातातला साधा ०.२ ब्रिक्सपर्यंत दाखवतो (ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर), म्हणजे अपवर्तनांकात साधारण ०.०००३. तुमचा सेन्सर त्याच्या पुढं काय दाखवणार, तेवढं सांगा.

खानापूरवाला: काका, मुद्द्याचं बोललात. समजा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अपवर्तनांक १ नं बदलला तर खळगा किती नॅनोमीटर सरकेल ते, ९०० आली, तर ०.०००३ ला खळगा जेमतेम ०.२७ नॅनोमीटर सरकतो. खळगा ४० नॅनोमीटर रुंद असेल तर एवढं सरकलेलं गोंगाटात हरवतं. फॅनोची उभी कडा ४ नॅनोमीटरची असेल तर जागेवर कळतं. म्हणून निपाणीकर, नुसती सेन्सिटिव्हिटी छापू नकोस, तिला रुंदीनं भागून फिगर ऑफ मेरिट दे.

प्रयोग हवाच असेल तर क्रेट्शमन पद्धत धर. प्रिझम, ५० नॅनोमीटर सोनं चढवलेली काच, लाल लेसर. हवेत परावर्तित उजेडातला खळगा ४४ अंशांजवळ, पाण्यात ७० च्या पुढं. यात फॅनो नाही, साधा प्लाझ्मोनचा खळगा, पण साखरपाण्यानं तो हलताना डोळ्यांनी दिसतो.

संकेश्वरचा_केमिस्ट: आणि पाण्याचं तापमान लिहून ठेवा. ३ अंश चढलं तरी ०.२ ब्रिक्सएवढा फरक पडतो. चैत्रात दुपारी लॅबमध्ये पंखा बंद पडला की सगळे आकडे खोटे.

निपाणी_लोकल: काल रात्री भिंत काढून चालवला. मधेच लाईट गेली, पहाटे परत लावला. खळगा अगदी सरळ, दोन्हीकडं सारखा. आता घर २ वर टाकून सोडलंय. सोनं चढवलेली काच सरांकडं मागतो, थर्मामीटर मी घेतो. काका, थोडा रस मिळेल का?

संकेश्वरचा_केमिस्ट: गाळप सुरू आहे तोवर ये. गाळून घे मात्र, नाहीतर सोन्यावर चोथाच बसायचा.