शब्दचर्चा : ‘मंदी’ संपते, पण ‘सावरणे’ कधी?

प्रश्न (निपाणी) :
‘मंदी’ हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, असे मला वाटते. आमच्याकडे तंबाखूचा भाव पडला की व्यापारी ‘मंदी आली’ म्हणतात आणि देशाचे उत्पन्न घटले की वर्तमानपत्रेही तेच म्हणतात. शिवाय मंदीनंतरच्या सावरण्यासाठी ‘शाश्वत पुनरुज्जीवन’ हा प्रयोग मी स्वतः एका लेखात केला आहे, तो आता खटकू लागला आहे. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद (वडगाव, बेळगाव) :
आपली शंका रास्त आहे. ‘तेजी-मंदी’ ही जोडी पेठेतली. फारसी ‘तेज’ आणि संस्कृत ‘मंद’ यांच्यापासून आलेले हे शब्द व्यापाऱ्याच्या तोंडी भावाची आणि उठावाची चाल सांगतात. अर्थशास्त्रातील मंदी मात्र उत्पादन, रोजगार आणि उत्पन्न यांच्या व्यापक घटीवरून ठरते. सलग दोन तिमाहींची घट हा सोयीचा ठोकताळा आहे, व्याख्या नव्हे. २०२०च्या एप्रिल ते जून या तिमाहीत भारताचे उत्पन्न सुमारे २४ टक्क्यांनी घटले, तेव्हा किरकोळ बाजारातील महागाई ६ टक्क्यांच्या वर होती, म्हणजे भाव चढतच होते. पेठेतल्या भाव पडण्याच्या अर्थाने याला मंदी म्हणणे अवघडच.

खरी गोम ‘मंदी संपली’ या प्रयोगात आहे. घट थांबली, एवढाच त्याचा शास्त्रीय अर्थ. वाचक मात्र ‘पूर्वीसारखे झाले’ असे समजतो. २०२१च्या एप्रिल-जून तिमाहीत २०.१ टक्के वाढ झाल्याची बातमी आली, परंतु स्थिर किमतींनुसार, म्हणजे महागाईचा परिणाम वगळून, ते उत्पन्न ३२.३८ लाख कोटी रुपये होते आणि २०१९च्या त्याच तिमाहीत ते ३५.६६ लाख कोटी होते. आमच्या गल्लीत त्या सुमारास एका घरचे चारपैकी दोन यंत्रमाग सुरू झाले, उरलेल्या दोहोंवर बीमच (ताण्याच्या सुताचा रूळ) चढला नव्हता. तिथले विणकर काका म्हणाले, ‘माग चालू झालेत, धंदा सावरला न्हाई अजून.’ चालू होणे आणि सावरणे यांतला फरक त्यांच्या बोलण्यात आपसूक आला, जो मथळ्यांत सहसा येत नाही.

कन्नडमध्ये मंदीला ‘हिंजरित’ म्हणतात, त्यात मागे सरण्याचा, कचरण्याचा भाव आहे; सावरण्याला ‘चेतरिके’, जो आजारातून उठलेल्या माणसालाही लागतो. आपल्या ‘मंद’मध्ये वेग कमी होणे दिसते, मागे जाणे दिसत नाही. म्हणून वाढीचा वेग नुसता घटला असेल तर ‘मंदगती’ लिहावे आणि ‘मंदी’ प्रत्यक्ष घटीसाठी राखावी, असे मला वाटते.

‘शाश्वत’ मलाही पटत नाही. त्याचा अर्थ नित्य, अविनाशी. ‘शाश्वत विकास’ आता रूढ झाला म्हणून तो चालवून घेऊ, पण अविनाशी तेजी कोणी पाहिली आहे? कन्नडमध्ये याच जागी ‘सुस्थिर’ वापरतात.

प्रश्नकर्ता :
‘सुस्थिर’ मराठीत घेतला तर ‘जागचे न हलणारे’ असा समज होईल आणि सावरण्यात तर हालचालच अपेक्षित आहे. ‘टिकाऊ’ कसा वाटतो?

प्रतिसाद (वडगाव) :
उत्तम. मात्र ‘टिकाऊ सावरणे’ कानाला बरे लागत नाही, कारण हे विशेषण बहुधा वस्तूला लागते. ‘टिकाऊ उभारी’ चालेल. अर्थही नेमका बसतो. २०२०मध्ये मार्च ते ऑगस्ट कर्जाचे हप्ते लांबणीवर टाकण्याची सवलत होती. असा टेकू काढल्यावरही मजुरी, मागणी आणि नवी गुंतवणूक यांच्या बळावर जी उभी राहते, ती टिकाऊ. लुगडे टिकाऊ आहे की नाही, हे आमच्याकडे धुतल्यावरच कळते.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. लेखातले ‘मंदी संपून शाश्वत पुनरुज्जीवन सुरू झाले’ हे वाक्य आता ‘घट थांबली आहे; उभारी टिकाऊ आहे की नाही, हे सवलती संपल्यावर कळेल’ असे करतो.