कागद नव्हता, म्हणून केला!

मासुंदाकाठचा :
परवा इथे एका महाशयांनी लिहिलं, 'इतिहासकाराने एखादं पत्र रचलं तर बिघडलं कुठे? बखरकारही रचतच होते. भाव खरा असला की झालं.' ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचलं आणि डोकं असं फिरलं की तुर्भ्याऐवजी सानपाड्याला उतरलो.

पैशासाठी केलेले खोटे कागद आधी बाजूला ठेवू. फ्रान्सात व्रँ-ल्यूका नावाच्या इसमाने १८६० च्या दशकात मिशेल शाल या नामांकित गणितज्ञाच्या गळ्यात हजारो बनावट पत्रं मारली. त्यात क्लिओपात्राचंही पत्र होतं, आणि तेही फ्रेंचमध्ये! ती सरळसरळ लबाडी. मला झोंबतो तो दुसरा प्रकार. १८१७ साली हांका नावाच्या चेक विद्वानाने तेराव्या शतकातलं काव्य चर्चमध्ये 'सापडलं' म्हणून जाहीर केलं. जर्मनांकडे जुनी महाकाव्यं आहेत, आपल्याकडे का नाहीत, ही ठसठस. सत्तरेक वर्षं लोकांनी त्यावर अभिमान पोसला. १८८६ मध्ये मासारिक या प्राध्यापकाने ते खोटं ठरवणारी बाजू आपल्या नियतकालिकात छापली, तर त्यालाच देशद्रोही म्हटलं. (पुढे १९१८ मध्ये तोच चेकोस्लोव्हाकियाचा पहिला अध्यक्ष झाला, ते सोडा.) माझ्या मते हांकाच्या मनात निकाल आधीच लागलेला होता. पुरावा तेवढा राहिला होता, तो त्याने तयार केला. विद्वान माणूस घसरतो तो इथेच.

घंटाळीकर :
ते 'महाशय' मीच. नाव घ्यायला लाजलात का? कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवाजी महाराजांची बखर लिहिली. संवाद मनाने घातले, क्रम इकडेतिकडे झाला. मग त्यालाही बनावटखोर म्हणणार? आणि तुमच्या त्या हांकाच्या काव्यावर पुढे चित्रं झाली, संगीत झालं, चेक भाषा ताठ उभी राहिली. नुकसान कोणाचं झालं ते सांगा.

मासुंदाकाठचा :
काका, सभासद 'मी लिहितो' म्हणून स्वतःच्या नावाने लिहितो. चुकला तर सभासद चुकला. हांकाने मेलेल्या माणसांच्या तोंडी आपले शब्द घातले. एवढाच फरक आहे, पण तोच सगळा फरक आहे. भाषा उभी राहिली हे मान्य. भाड्याच्या दागिन्यांवरही लग्नं लागतात.

ऐरोलीचा इंजिनियर :
एवढं तत्त्वज्ञान कशाला? शोध लागला तर नाव, नाही लागला तर कोणी विचारत नाही. जपानात फुजिमुरा नावाचा हौशी पुरातत्त्वज्ञ स्वतःच दगडी हत्यारं पुरून स्वतःच उकरून काढायचा. २००० साली वर्तमानपत्राच्या कॅमेऱ्यात सापडला, मग पाठ्यपुस्तकं बदलावी लागली. माझ्या आधीच्या कंपनीत टार्गेटपायी न झालेल्या व्हिजिटचे रिपोर्ट भरायचो आम्ही. तोच रोग. त्या टार्गेटवर मी वेगळं लिहीन कधीतरी, मला त्याने बीपी दिलंय.

मोडीवाली बेलापूर :
तुम्ही सगळे युरोप-जपान फिरून या, मी घरचं सांगते. आपल्याकडे खोटा कागद जमिनीसाठी व्हायचा. १८५२ च्या कायद्याने इनाम जमिनींचे हक्क तपासणारं इनाम कमिशन बसलं आणि 'सनद दाखवा' म्हणू लागलं. ज्यांच्या खऱ्या सनदा वाळवीने खाल्ल्या होत्या, त्यांनी काय करायचं होतं? मागच्या वर्षी एक गृहस्थ सनद घेऊन आले. शके १६५० आणि संवत्सर आनंद! आनंद संवत्सर शके १५९६ ला, म्हणजे राज्याभिषेकाच्या वर्षी. साठ वर्षांचं चक्र मोजलं तर १६५० ला कीलक येतं. कागद खिडकीशी धरला तर आत विलायती गिरणीचा छाप. अक्षरही तासलेल्या बोरूचं नाही, धातूच्या निबाच्या टाकाचं : सगळ्या रेघा एकाच जाडीच्या. गृहस्थ म्हणाले, 'पण जमीन खरंच आमचीच होती हो.' असेलही. मला त्यांचा राग नाही आला.

(दप्तरखान्यात एका नकलेसाठी मला तीन खेपा घालायला लावल्या, ते मात्र विसरणार नाही.)

मासुंदाकाठचा :
ताई, अगदी! आमच्या थोरल्या काकांनी कुलवृत्तांतात खापरपणजोबांच्या आधीच्या एकाला 'पानिपतावर कामी आले' म्हणून टाकलं. विचारलं तर म्हणाले, 'तेव्हा सगळेच जात होते.' कुलवृत्तांतांतले असले सगळे पूर्वज मोजले तर अब्दाली आकडा ऐकूनच परत गेला असता.

कळव्याचा तात्या :
हे अती झालं. आमचे मूळपुरुष १७६१ ला खरंच पानिपतावर पडले. थट्टा करायला लाज वाटत नाही?

मासुंदाकाठचा :
पुरावा?

कळव्याचा तात्या :
आजी सांगायची. तिला तिच्या सासूने सांगितलं. माझी आजी खोटारडी?

घंटाळीकर :
घ्या! आता लोकांच्या आज्यांवर आले. यासाठीच म्हणत होतो, भाव बघा.

ऐरोलीचा इंजिनियर :
आमचेही एक पडलेत म्हणे पानिपतावर. आडनाव मात्र दोनदा बदललंय मधे.

मोडीवाली बेलापूर :
तात्या, आजी खोटं बोलली असं कोणी म्हणत नाही. आजीची आठवण म्हणूनच लिहा, नाव घालून. तिच्यासाठी कागद तयार करू नका, एवढंच. आणि घंटाळीकर काका, रचलेलं एक पत्र सापडलं की लोक खऱ्या पत्रांवरही संशय घेतात. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस आता आधी विचारतो, 'हे नक्की जुनं ना?'

घंटाळीकर :
ठीक आहे. पत्र रचू नये. बखर मात्र सोडणार नाही. खूश?

मासुंदाकाठचा :
बखर तुमच्याकडून काढून घेतली कोणी?

कळव्याचा तात्या :
रात्री माळ्यावरची पेटी काढली. कागद आहे, मोडीत. शके दिसतो, संवत्सराचा कोपरा उंदरांनी खाल्लाय.

मोडीवाली बेलापूर :
शनिवारी आणा. घडी सरळ करायला जाऊ नका, तुटेल. आणि उन्हाचं या, खिडकीशी धरून बघायचाय.