प्रतिसाद: देवराईचा सामूहिक दावा

देवराईवर, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या जंगलावर, गावाने वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करायचा, त्यावर वर कुणीतरी म्हटलंय की रत्नागिरी-सिंधुदुर्गात वनहक्क कायदा लागूच नाही, कारण गावात आदिवासी नाहीत. हे चूक आहे. २००६ च्या कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी', म्हणजे आदिवासी नसलेलेही, आहेत. अट एवढीच, की १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, वास्तव्य आणि उपजीविकेसाठी जंगलावर अवलंबून असणं.

खरी अडचण दोन ठिकाणी येते. पहिली सातबारा. देवराई खाजगी मालकीत असेल तर हा दावा चालत नाही, जमीन वनजमीन असावी लागते. उतारा आधी काढा, मगच दाव्याचा नमुना (अर्ज) भरा. सामूहिक वनसंपत्तीचा नमुना वेगळा आहे, २०१२ च्या दुरुस्तीत आलेला.

दुसरी अडचण कोरम. ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. अर्धं गाव मुंबईत, त्यामुळे साध्या दिवशी सभा बोलावली तर दाव्याचा ठराव कच्चाच राहतो. सभा शिमग्याला ठेवा. गणपतीतही चाकरमानी असतात, पण दाव्यासाठी देवराईची हद्द फिरून नोंदवायची असते आणि पावसात ती फिरता येत नाही.

हद्द फिरताना गडगा (दगडी बांध), वहाळ (ओढा), देवळामागची जुनी झाडं नकाशावर टिपा. वनखातं आणि महसूल दोघांना आधी लेखी कळवा, पोच ठेवा, पंचनाम्यावर सह्या घ्या. पुरावे किमान दोन लागतात. जाणत्या माणसांचा लेखी जबाब चालतो, तो आत्ताच घ्या. दावा फेटाळला तर ६० दिवसांत अपील.