'पाठ निरीक्षण' की 'तासाला बसणे'? – चिनी शाळेतला 'थिंग-ख'

बी.एड. झाल्यावर मी शांघायच्या ईस्ट चायना नॉर्मल युनिव्हर्सिटीत शिक्षणशास्त्र शिकायला गेले. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तिथल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं. हा अनुभव इकडच्या शिक्षकांसाठी मराठीत लिहिते आहे. बरेचसे शब्द विनासायास उतरले. 'पेइ-ख' म्हणजे पाठाची पूर्वतयारी, आपल्या टाचणासकट. 'पान-शू' म्हणजे फलकलेखन. अडलंय ते 'थिंग-ख'पाशी.

थिंग म्हणजे ऐकणे, ख म्हणजे तास किंवा पाठ. एक शिक्षक शिकवतो आणि बाकीचे शिक्षक मागे स्टुलावर बसून तो पाठ ऐकतात. विद्यार्थी वर्गात बसून ऐकतात, त्यालाही हाच शब्द. शिक्षकांसाठी वेगळा, वरच्या पायरीचा शब्द केलेला नाही, आणि मला तेच मोलाचं वाटतं. बी.एड.ला आपण 'पाठ निरीक्षण' म्हणतो. त्यात कोण कोणाला तपासतंय हे आधीच ठरलेलं असतं: प्राध्यापक निरीक्षक आणि छात्राध्यापक परीक्षेला बसलेला. थिंग-ख दोन्ही बाजूंनी चालतं. नवा शिक्षक जुन्याच्या वर्गात बसतो, जुना नव्याच्या, आणि एका विषयाचे सगळे एकमेकांच्या.

याची खास वही असते. वर तारीख, वर्ग, विषय, शिकवणाऱ्याचं नाव. पानाच्या मोठ्या भागात पाठ कसकसा पुढे गेला ते लिहायचं, कडेच्या अरुंद रकान्यात आपलं मत. माझ्या मार्गदर्शक बाई त्या मोठ्या भागात मिनिटंसुद्धा टिपायच्या. प्रश्न कधी विचारला, उत्तर कोणत्या रांगेतून आलं, फळा कधी पुसला. अशा वहीला 'निरीक्षण नोंदवही' म्हणायला माझं मन घेत नाही. तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद:
'पाठश्रवण' कसा वाटतो? श्रवण-मनन आपल्याकडे जुनंच आहे.

प्रतिसाद:
'श्रवण' म्हटलं की कीर्तन-प्रवचन आठवतं. आमच्या शाळेत सरळ म्हणतात, "मी आज जोशीबाईंच्या तासाला बसणार आहे." विद्यार्थीही तासालाच बसतो. मग वेगळा शब्द कशाला घडवायचा? शिवाय एक शंका: नॉर्मल युनिव्हर्सिटी म्हणजे काय? बाकीच्या काय अ‍ॅबनॉर्मल?

लेखिका:
'तासाला बसणे' फारच आवडलं. बसणारा कोण, लहान की मोठा, हे त्यात उघड होत नाही, थिंग-खसारखंच. नाम हवं तिथे 'तास-बैठक' वगैरे करायला नको, क्रियापदच राहू द्यावं.

'नॉर्मल'ची गोष्ट गमतीची आहे. मूळ फ्रेंच 'एकोल नॉर्माल', 1794 सालची. नॉर्म म्हणजे आदर्श, मानदंड. शिकवण्याचा मानदंड जिथे घालून देतात ती नॉर्मल शाळा. हा शब्द आपल्यालाही परका नाही. पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये सावित्रीबाईंनी प्रशिक्षण घेतल्याचा उल्लेख चरित्रांत येतो. पुढे आपण 'अध्यापक विद्यालय' म्हणू लागलो. चिनीत या संस्थांना 'शीफान' म्हणतात, शी म्हणजे गुरू आणि फान म्हणजे आदर्श. 1902 साली पेकिंगच्या शाही विद्यापीठात शीफान विभाग निघाला, त्याचंच आजचं रूप बीजिंग नॉर्मल युनिव्हर्सिटी. माझं विद्यापीठ 1951 सालचं. बीजिंगच्या विद्यापीठाच्या ब्रीदवाक्याचे दोन चरण आहेत. पहिला 'शी'वर संपतो, दुसरा 'फान'वर. असं शिका की इतरांचे गुरू व्हाल, असं वागा की जगाला आदर्श व्हाल. मराठीत मी 'अध्यापक विद्यापीठ' लिहीन.

प्रतिसाद:
विद्यार्थी तुम्हाला काय म्हणत? आमच्याकडे छात्राध्यापिकेला पोरं "नवीन ताई" म्हणतात.

लेखिका:
पहिल्या तासापासून 'लाओशी', म्हणजे शिक्षक. तास सुरू होताना शिक्षकाने "शांग-ख" म्हणजे "तास सुरू" म्हणायचं, वर्गप्रमुख "छी-ली" म्हणजे "उभे राहा" म्हणतो, आणि सगळा वर्ग एका सुरात "लाओशी हाओ!" म्हणजे "नमस्ते गुरुजी!" लाओचा एरवीचा अर्थ म्हातारा, जुना, पण इथे तो नुसता आदर आहे, म्हणून विशीतली मुलगीही लाओशीच. आडनाव आधी येतं, वांग लाओशी, जसं आपलं जोशी सर. कागदोपत्री शिकाऊ शिक्षकाचा शब्द निराळा आहे, वर्गात तो कुणी वापरत नाही. मराठीत 'लाओशी' तसाच ठेवावा.

याच्याशी जोडून आपला 'छात्र' बघा. पाणिनीच्या सूत्रावरची जुनी व्याख्या अशी की छत्रासारखं वागतो, गुरूचे दोष झाकतो, तो छात्र. चिनी शाळेत पाठ संपल्यावर 'फिंग-ख' होतं, म्हणजे सगळ्यांनी बसून त्या पाठावर बोलायचं, आणि तिथे मात्र झाकाझाक नसते. गणिताच्या एका ज्येष्ठ शिक्षिकेचा पाठ झाल्यावर वयाने सगळ्यात लहान शिक्षक म्हणाला, "मागच्या रांगेचं उतरवून व्हायच्या आत दुसरी पायरी पुसली गेली." बाईंनी पेन उघडलं आणि ते स्वतःच्या वहीत लिहून घेतलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. पाठ घेणारा बहुधा आधीच म्हणालेला असतो, "छिंग तुओ झ्र-च्याओ", म्हणजे "भरपूर मार्गदर्शन करा". हे नुसतं औपचारिक वाटेल, पण त्यानंतर मिळालेला प्रत्येक शेरा मी बाईंना वहीत उतरवताना पाहिलं आहे.

फिंग-खसाठी 'पाठचर्चा' सुचतो, पण तो सौम्य पडतो. कुणी काहीही बोललं तरी चर्चाच. 'पाठसमीक्षा' पुस्तकी होतो. माझा कल 'पाठचिकित्सा'कडे आहे. पायरी का पुसली इथपर्यंत खोदून विचारणं त्यात येतं, आणि "फार चिकित्सा करतो" असं आपण रोजच्या बोलण्यातही म्हणतो.

प्रतिसाद:
तोच तर धोका आहे, चिकित्सेला आपल्याकडे किंचित नकारात्मक छटा आहे.

लेखिका:
आहे खरी. तरी मी हाच शब्द वापरणार. पहिल्यांदा येईल तिथे बाईंच्या वहीचा तो प्रसंग लिहीन, म्हणजे छटा कुठली घ्यायची ते वाचणाऱ्याला कळेल.