पंचायतीच्या वाचनालयातला संगणक: शिकायला की अर्ज भरायला?

मलप्रभाकाठ
२०१९ साली कर्नाटकातली साडेपाच हजारांवर ग्रामपंचायत वाचनालयं ग्रंथालय खात्याकडून ग्रामविकास व पंचायतराज खात्याकडे गेली. पुढे त्यांचीच ‘अरिवु केंद्रं’ (म्हणजे ज्ञान केंद्रं) झाली, बऱ्याच ठिकाणी संगणकही आले. आता बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी भागात सूर निघतोय की उतारा, दाखला, पेन्शन, सगळे अर्ज वाचनालयातच भरून द्या. माझा विरोध आहे. अर्ज भरून द्यायला बापूजी सेवा केंद्र आहे, ‘ग्राम वन’ (Grama One) आहे, ही सरकारी सेवा केंद्रं त्यासाठीच आहेत. वाचनालयानंही तेच धरलं की एकुलत्या मशीनपुढे रांग लागणार आणि सातवीतल्या पोरीला टायपिंगला जागा उरणार नाही. शिवाय दुसऱ्यानं भरलेल्या अर्जातून माणूस काही शिकत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच दार, पुन्हा पैसे.

वेदगंगा
बरोबर आहे, खरं पासष्टीच्या बाईला ‘शिका’ म्हणून काय उपयोग? तिचा अर्ज आज जायला पाहिजे. आणि अडचण दरवेळी शिक्षणाची नसतेच. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर, तो नंबर पुण्यात कामाला गेलेल्या पोराच्या खिशात. त्यानं फोन उचलेपर्यंत मुदत संपते. फोटो पाच एमबीचा, तिकडं मागतात ५० केबीचा. रेशन कार्डावर नाव एक, आधारवर दुसरं. रांग संपवायच्या घाईत हे कोण बघत बसणार? वाचनालयात कागद आधी तपासून दिले तरी हेलपाटे वाचतील की.

मलप्रभाकाठ
तपासून देणं मान्य. फोटो लहान करणं तर दहा मिनिटांचं काम आहे: पेंटमध्ये उघडा, रिसाइझ, पिक्सेल निवडा, रुंदी ३००, जेपीजी म्हणून सेव्ह. कागद १५० डीपीआयवर काळापांढरा स्कॅन करा. रंगीत ३०० ला केला की पीडीएफ फुगते आणि अपलोड अडतं. फक्त ज्याचा अर्ज, माऊसवर हात त्याचाच हवा.

अर्धं शटर
दोघंही मुख्य धोका सोडून बोलताय. कुठल्याही सार्वजनिक संगणकाचं डाउनलोड्स फोल्डर उघडून बघा. अख्ख्या गावाची आधार कार्डं, पासबुकं तिथं पडलेली असतात. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, मान्य. पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. गावात ते कुणाला ठाऊक नसतं? वाचकांसाठी वेगळं स्टँडर्ड खातं काढा, ॲडमिनचं देऊ नका. ब्राउझर गेस्ट मोडमध्येच. गेस्ट खिडकी बंद केल्यावर हिस्ट्री जाते, उतरवलेली फाइल मात्र डिस्कवर राहते, म्हणून डाउनलोड्स आणि रिसायकल बिन रोज रिकामे करायचे. व्हॉट्सॲप वेब उघडं राहिलं तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून काढता येतं. एवढं पाळायला माणूस नसेल तर अर्ज नकोतच.

जांबोटीचा पाऊस
आमच्याकडं भांडण याच्याही अलीकडचं आहे. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यात झाड पडलं की वीज आणि इंटरनेटची फायबर केबल दोन्ही जातात. मग अर्जही नाही, शिक्षणही नाही. राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतो, त्याला छोटा यूपीएस पुरतो. जुन्या लॅपटॉपवर किविक्स (इंटरनेटशिवाय विकिपीडिया दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून मराठी आणि कन्नड विकिपीडिया उतरवून ठेवा. इंटरनेट नसलं तरी त्याच राउटरच्या वायफायवर पोरांच्या मोबाइलमध्ये उघडतो. आणि इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांचा सामाईक कीबोर्ड, शिकवा. देवनागरी, कन्नड दोन्हीत ‘क’ एकाच कळीवर आहे, मराठी पोराला कन्नड अर्जही टाइप करता येईल.

अर्धं शटर
कर्नाटकात सरकारी टायपिंग नुडी या कन्नड सॉफ्टवेअरच्या कीबोर्डवर चालतं, इनस्क्रिप्टवर नाही. नोकरीच्या दृष्टीनं शिकवायचं तर ते शिकवा.

जांबोटीचा पाऊस
नोकरी नंतर. आधी अर्जात स्वतःचं नाव नीट टाइप होऊ दे.

वेदगंगा
पैशाचं कोणीच बोललं नाही. कर्नाटकात मालमत्ता करावर ६ टक्के ग्रंथालय कर लागतो. महाराष्ट्रात असा करच नाही, तिथं १९६७ च्या कायद्यानं अनुदान मिळतं. कर ग्रंथालयाच्या नावानं घेता तर टोनर आणि नेटचं बिल पुस्तकांच्या रकमेतून कापू नका. मराठी पुस्तकं आधीच कमी आहेत.

मलप्रभाकाठ
हे शंभर टक्के पटलं. अर्जांना आठवड्यातल्या दोन दुपारी द्या, शनिवार-रविवार मशीन पोरांचं. पैसे फक्त प्रिंटचे.

वेदगंगा
आणि शिष्यवृत्तीची मुदत संपायच्या आठवड्यात? तेव्हा रांगेत तुमची तीच पोरं असणार.