दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, मग रक्त जातंय कुठून?

निवांत_दुपार:
आज गल्लीत डांबर टाकतायत. वास आला आणि आईचं ते दुखणं आठवलं. "शी काळी होतेय गं, डांबरासारखी चिकट." आम्ही म्हटलं, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यानेच. हिमोग्लोबिन निघालं ५.८! तीन पिशव्या रक्त चढवलं. वरून दुर्बीण, खालून दुर्बीण, दोन्ही नॉर्मल. चार महिन्यांनी पुन्हा तेच. शेवटी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला दिली, तेव्हा लहान आतड्यात गाठ दिसली, सुपारीएवढी. जिस्ट, म्हणजे पोट-आतड्याच्या भिंतीत होणारा एक प्रकारचा ट्यूमर. मधलं पाचसहा मीटर आतडं दोन्ही दुर्बिणींना दिसतच नाही, हे तोवर आमच्या गावीही नव्हतं. तुमच्याकडे कुणाला झालंय का असं?

मोदकचोर:
कॅप्सूल परत द्यावी लागते का? 😄

खिडकीतली_मनी:
@मोदकचोर नाही हो, ती एकदाच वापरायची. पण पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही म्हणाले, म्हणून बाबा दोन दिवस टॉर्च घेऊन संडासात. शिवाय ते फोटो साठवणारं यंत्र दिवसभर कमरेला, कंडक्टरसारखं. त्यात काही सापडलंच नाही ते वेगळं. बाबांची गाठ आतड्याच्या भिंतीतून बाहेरच्या अंगाला वाढलेली, ती सीटी एंटरोग्राफीत (आतड्याच्या खास सीटी स्कॅनमध्ये) दिसली. कुकर झाला, नंतर लिहिते.

आडगावकर:
आमच्या काकांनाही जिस्टच. ऑपरेशननंतर तीन वर्षं इमॅटिनिब ४००, त्यावरची कॅन्सरची गोळी. डोळे सुजायचे सकाळी. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिस कंपनीला या औषधाचं पेटंट नाकारलं, स्वस्तातलं जेनेरिक चालू राहिलं, नाहीतर जमीन विकायला लागली असती. आणि त्याआधी वर्षभर मूळव्याधीचं औषध चालू होतं!! कुणी तपासलंसुद्धा नव्हतं.

शेवग्याची_शेंग:
बापरे. काकूंना नमस्कार सांग गं.
लोहाच्या गोळीने काळी होते खरी, पण अशी चिकट नाही आणि तो घाण वासही नसतो. सासूबाईंच्या वेळी नर्सने सांगितलेलं.

मोदकचोर:
मी एकदा लाल बघून रात्री दीडला दवाखान्यात. डॉक्टर म्हणे, जेवणात काय होतं? बीटाची कोशिंबीर 🙈

शेवग्याची_शेंग:
😂😂 कूट घालता का तुम्ही त्यात?

निवांत_दुपार:
आई शेजारी बसून वाचतेय. म्हणते, कूट घाला, पण दही आयत्या वेळी.

खिडकीतली_मनी:
आले. कुठवर आलो होतो आपण?